हजार ओळी पुरतात, पण कोणत्या?

फाइलमध्ये तीन लाख ओळी आहेत. पहिल्या हजार घेऊन काम भागवले तर काय बिघडते? नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नव्याने रुजू झालेली मुले हा प्रश्न विचारतात आणि सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणारे खजिनदारही विचारतात. उत्तर हेतूवर ठरते. सूत्रे चालतात का, रकाने जागच्या जागी आहेत का, एवढेच पाहायचे असेल तर सहसा काही बिघडत नाही. त्या हजार ओळींवरून तीन लाखांविषयी काही विधान करायचे असेल, तर मात्र बहुतेक वेळा बिघडतेच. अडचण अशी की चाचणीसाठी घेतलेल्या ओळींवरून निष्कर्ष काढण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

१. ओळ कशाची आहे?

डेटाच्या तक्त्यात आडवी ओळ म्हणजे एक नोंद आणि उभा रकाना म्हणजे त्या नोंदीविषयीची एक माहिती. पण नोंद कशाची, हे आधी ठरलेले असावे लागते. उदाहरण म्हणून नवी मुंबई महानगरपालिका घेऊ. तिचे आठ विभाग आहेत : बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. या शहराच्या मालमत्ता कराची एक फाइल डोळ्यांपुढे आणावी. (या कराच्या फाइलींचे पुढचे सगळे आकडे समजावून सांगण्याच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, पालिकेचे नव्हेत.) फाइलमध्ये ३,००,००० ओळी, दर ओळ एका मालमत्तेची, रकान्यांत मालमत्ता क्रमांक, विभाग, निवासी की व्यावसायिक, वार्षिक कर, थकबाकी.

दुसरी फाइल भरण्याची, म्हणजे कोणी कधी किती पैसे भरले त्याची. इथे दर ओळ एका पावतीची. हप्त्यांनी भरणाऱ्याच्या चार ओळी, एकरकमी भरणाऱ्याची एक, न भरणाऱ्याची एकही नाही. दोन्ही फाइलींत मालमत्ता क्रमांक आहे म्हणून त्या जोडता येतात, पण दोन्हींतली ‘एक ओळ’ सारखी नाही. ओळी कमी करताना होणाऱ्या पुष्कळ चुका इथूनच सुरू होतात.

फाइल आणणे, नको त्या ओळी गाळणे, दोन फाइली जोडणे, विभागवार बेरजा करणे आणि शेवटी तक्ता किंवा आलेख मांडणे अशा पायऱ्यांच्या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. एका पायरीतून निघालेल्या ओळी पुढच्या पायरीत जातात. ओळींवर मर्यादा कोणत्याही पायरीवर घालता येते आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ बदलतो.

२. कोणी न घातलेली मर्यादा

माणूस मुद्दाम घालतो त्या मर्यादेपेक्षा सॉफ्टवेअर गुपचूप घालते ती जास्त घातक. एक्सेलच्या १९९७ ते २००३ या काळातल्या आवृत्त्यांत एका शीटवर ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून ही संख्या १०,४८,५७६ झाली. हे विचित्र आकडे दोनच्या घातांचे आहेत : एकाला दोनाने सोळा वेळा गुणत गेले की पहिला येतो, वीस वेळा गुणले की दुसरा. त्याहून मोठी फाइल उघडली तर एक्सेल ‘फाइल पूर्ण आलेली नाही’ असा इशारा देते. घाईत तो बंद करून फाइल त्याच नावाने सेव्ह केली, की उरलेल्या ओळी कायमच्या गेल्या.

याची किंमत इंग्लंडने २०२० मध्ये मोजली. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकूर फाइलींतून येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था ते जुन्या एक्सेल पद्धतीच्या साच्यात ओतत असे. एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत, त्यामुळे एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच मावत. साचा भरला की पुढच्या ओळी गळत आणि कोणाला पत्ता लागत नसे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्या लोकांना त्यांचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम तेवढे दिवस अडले. साथीत आठवडा फार मोठा असतो.

अशा गुपचूप मर्यादा सगळीकडे आहेत. भारत सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात : राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. हा डेटा प्रोग्रामने ओढताना सरावासाठी दिलेली नमुना-चावी वापरली तर एका वेळी फक्त १० ओळी हाती येतात. मायएसक्यूएल वर्कबेंच हे डेटाबेस हाताळण्याचे लोकप्रिय साधन सवयीने १,००० ओळींवर थांबते. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीत रकान्याची गुणवत्ता दाखवणारी पट्टी ‘रिकाम्या जागा शून्य टक्के’ म्हणते, तेव्हा तिने बहुधा वरच्या १,००० ओळीच पाहिलेल्या असतात. रकान्यात आकडे आहेत की अक्षरे, याचा अंदाज तर पॉवर क्वेरी पहिल्या २०० ओळींवरून बांधते. मालमत्ता क्रमांक पहिल्या २०० ओळींत निव्वळ आकडे असले आणि पुढे कुठे ‘अ’ लागला, तर त्या ओळी चुकीच्या ठरतात.

म्हणून ओळींची संख्या गोल दिसली की संशय घ्यावा. निकालात बरोबर १,००० ओळी आल्या, तर शहरात बरोबर हजार थकबाकीदार असण्यापेक्षा कुठेतरी मर्यादा लागली असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

खात्री करण्याची एक साधी युक्ती आहे. हजार हव्या असतील तर १,००१ मागाव्यात. १,००१ आल्या तर पुढे आणखी आहेत. १,००० किंवा कमी आल्या आणि साधनाची स्वतःची मर्यादा आड येत नसेल, तर सगळ्या आल्या. अनेक संकेतस्थळे ‘पुढचे पान’ हे बटण दाखवायचे की नाही ते अशाच एका जास्तीच्या ओळीवरून ठरवतात.

३. ‘पहिल्या’ म्हणजे कोणत्या?

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. ओळी मर्यादित करण्याची आज्ञा या भाषेत दर कंपनीने आपापल्या परीने घडवली. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये ती ‘लिमिट’, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ‘टॉप’, ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षे ‘रोनम’. २००८ च्या प्रमाण आवृत्तीत ‘फेच फर्स्ट’ अशी सर्वांसाठी एक रचना आली, तरी जुन्या सवयी टिकून आहेत. शब्द कोणताही असो, अर्थ एकच : इतक्या ओळी दे आणि थांब.

कोणत्या ओळी, हे या आज्ञेत कुठेच नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली. त्या कल्पनेत तक्ता म्हणजे नोंदींचा संच, आणि संचाला पहिले-शेवटचे नसते. क्रम हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो, ‘ऑर्डर बाय’ लिहून. तो मागितला नाही तर यंत्र आपल्या सोयीने ज्या ओळी आधी सापडतील त्या देते. आज दिलेल्याच उद्या देईल याची हमी नाही. तपासणीसाठी तीच ओळ पुन्हा शोधणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी सापडत नाही, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

क्रम असला की दुसराच धोका येतो. मालमत्ता कराची फाइल विभागाच्या नावाने लावलेली आहे असे समजू. इंग्रजी वर्णानुक्रमात पहिली येते ऐरोली. मराठी वर्णक्रमानेही पहिली ऐरोलीच. गंमत म्हणजे दोन्हींत शेवटची वाशी. तेव्हा क्रम कोणत्याही लिपीचा असो, पहिल्या हजार ओळींत वाशीचे एकही दुकान, एकही घर येणार नाही. त्या हजारांवरून काढलेला ‘नवी मुंबईतला सरासरी कर’ हा ऐरोलीच्या एका कोपऱ्याचा सरासरी कर असतो. बाजारभावाच्या फाइलीत राज्ये इंग्रजी वर्णानुक्रमे असली तर अंदमान, आंध्र प्रदेश, अरुणाचल अशा आधी येणाऱ्या राज्यांतच हजार ओळी संपू शकतात आणि वाशीच्या कांदा-बटाटा बाजाराचा भाव शोधणारा माणूस ‘आज भाव आलेच नाहीत’ असे समजून बसतो.

तारखेने लावलेल्या फाइलीत पहिल्या ओळी म्हणजे सर्वांत जुन्या नोंदी. जुन्या नोंदी भरण्याची पद्धत वेगळी असते, रकाने कमी भरलेले असतात, काही कोड आता बंद झालेले असतात. अशा ओळींवर तपासून पास केलेले काम नव्या नोंदींवर अडखळते.

४. कापायचे कुठे?

समजा विभागवार एकूण थकबाकी हवी आहे. साखळीच्या शेवटी, बेरजा झाल्यावर, ‘फक्त पहिले पाच विभाग दाखव’ अशी मर्यादा घातली तर दिसलेली प्रत्येक बेरीज खरी असते. फक्त तीन विभाग दिसत नाहीत. त्याऐवजी हजार ओळींची मर्यादा सुरुवातीला, फाइल आणतानाच घातली तर कदाचित सगळे आठ विभाग दिसतील, पण प्रत्येक बेरीज अपुरी असेल. पहिल्या प्रकारात काय राहिले ते पाहणाऱ्याला कळते. दुसऱ्यात कळत नाही, आणि म्हणून तो वाईट.

गाळणीच्या बाबतीतही तेच. ‘आधी व्यावसायिक मालमत्ता वेगळ्या कर, मग त्यांतल्या १०० दे’ आणि ‘आधी १०० ओळी घे, मग त्यांतल्या व्यावसायिक दे’ ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात. पहिल्यातून १०० मिळतात. दुसऱ्यातून कदाचित आठ, कदाचित एकही नाही. ओरॅकलच्या जुन्या ‘रोनम’ने या क्रमाचा घोटाळा अनेक पिढ्यांना शिकवला. तिथे ओळींना क्रमांक आधी मिळत आणि क्रमवारी नंतर लागे. त्यामुळे ‘सर्वांत मोठे १० थकबाकीदार’ असे मागणाऱ्याला कोणत्याही दहा थकबाकीदारांची उतरत्या क्रमाने नीट लावलेली यादी मिळे. दिसायला ती अगदी बरोबर दिसे.

मोठ्या थकबाकीदारांच्या यादीत आणखी एक बारकावा आहे. दहाव्या आणि अकराव्या नावापुढे एकच रक्कम असली तर कोणाला वगळायचे? यंत्र त्यातला एक मनानेच निवडते. नोटिसा पाठवायच्या असतील तर ही बाब कागदावर राहत नाही, कोर्टात जाऊ शकते. बरोबरीच्या ओळीही द्याव्यात असे सांगण्याची सोय अनेक साधनांत असते; ती वापरावी.

सर्वांत फसवी जागा म्हणजे जोडणी. मालमत्तांच्या ३,००,००० ओळी आहेत आणि सोयीसाठी असे मानू की प्रत्येकाने एकदाच, पूर्ण कर भरला आहे. म्हणजे पावत्याही ३,००,०००. काम हलके करावे म्हणून दोन्ही फाइलींतून एकेक टक्का, म्हणजे ३,००० ओळी कशाही उचलल्या आणि मग जोडल्या. किती जोड्या जुळतील? एखादी मालमत्ता पहिल्या निवडीत येण्याची शक्यता शंभरात एक, तिचीच पावती दुसऱ्या निवडीत येण्याचीही शंभरात एक. दोन्ही एकदम घडण्याची दहा हजारांत एक. तीन लाखांत अशा साधारण ३० जोड्या. म्हणजे ३,००० मालमत्तांपैकी फक्त ३० जणांनी कर भरलेला दिसेल आणि ९९ टक्के शहर थकबाकीदार ठरेल, जेव्हा प्रत्यक्षात थकबाकीदार एकही नाही.

उपाय सोपा आहे. एकाच फाइलीतून निवड करावी आणि दुसरीतून त्या निवडलेल्यांच्या सगळ्या ओळी आणाव्यात. किंवा दोन्हींना एकच कसोटी लावावी : ज्या मालमत्ता क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ३७ आहेत तेवढेच घ्यायचे. दोन्हीकडे साधारण एक टक्का ओळी येतात आणि त्या एकमेकींच्याच असतात. फक्त शेवटच्या अंकांना काही अर्थ चिकटवलेला नाही ना, जसे तळमजल्याच्या दुकानांना ठरावीक अंक, तेवढे आधी पाहून घ्यावे.

५. निवडीची पद्धत

वाशीच्या घाऊक बाजारातला धान्याचा जाणता खरेदीदार गोणीचे तोंड उघडून वरचे दाणे पाहून भाव ठरवत नाही. तो टोकदार पोकळ नळी गोणीच्या कुशीत खुपसतो, मधले दाणे तळहातावर घेतो, आणि एकाच गोणीवर न थांबता थप्पीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या गोणीलाही टोचतो. वर काय ठेवायचे हे विकणाऱ्याच्या हातात असते, हे त्याला ठाऊक असते. ओळींच्या बाबतीत विकणारा कोणी नसतो, पण फाइल कोणत्या क्रमाने लागली आहे यावर वर काय येणार हे आधीच ठरलेले असते.

यादृच्छिक निवड म्हणजे प्रत्येक ओळीला निवडले जाण्याची समान संधी. संगणक प्रत्येक ओळीला एक मनमानी अंक देतो आणि सर्वांत लहान अंक मिळालेल्या हजार ओळी उचलतो. हे अंक एका सुरुवातीच्या संख्येपासून तयार होतात. तिला ‘सीड’ म्हणतात. सीड लिहून ठेवला आणि फाइल बदलली नाही, तर तीच निवड पुन्हा करता येते. सीड न नोंदवता केलेली यादृच्छिक निवड पुढे कोणालाच तपासता येत नाही.

दर अमुकावी ओळ घेणे ही पद्धत त्याहून सोपी, आणि फाइलीला लपलेला ताल नसेल तर चांगलीही. ताल असला की ती फसते. रोज एक ओळ असलेल्या वर्षभराच्या यादीतून दर सातवी ओळ घेतली, तर सगळे सोमवार येतील किंवा सगळे गुरुवार. शनिवार-रविवारच्या गर्दीचा त्यात मागमूस नसेल.

हजार ओळी कितपत पुरतात? ‘किती टक्के मालमत्ता थकीत आहेत’ अशा प्रश्नासाठी एक ढोबळ नियम आहे : निवडलेल्या ओळींच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने १ ला भागावे. हजाराचे वर्गमूळ साधारण ३१.६, एक भागिले तेवढे म्हणजे सुमारे ३ टक्के. म्हणजे निवडीत २० टक्के थकीत दिसले, तर सगळ्या शहरात ते १७ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान असतील असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. या हिशेबात तीन लाख कुठेच आले नाहीत, हे अनेकांना पटत नाही. पण फाइल तीन लाखांची असो वा तीन कोटींची, नीट निवडलेल्या हजार ओळी जवळपास सारखेच काम देतात.

अट एवढीच की प्रश्न संपूर्ण शहराचा असावा. समजा एका लहान विभागात ९,००० मालमत्ता आहेत, म्हणजे तीन टक्के. हजारांच्या निवडीत त्याच्या वाट्याला येतील साधारण ३०. तिसाचे वर्गमूळ साडेपाच. चूक सुमारे १८ टक्के इकडे किंवा तिकडे. इतक्या ढिल्या आकड्यावर त्या विभागाविषयी काही बोलू नये. विभागवार उत्तर हवे असेल तर आठही विभागांतून १२५-१२५ ओळी वेगवेगळ्या निवडाव्यात. पण मग शहराची सरासरी काढताना प्रत्येक ओळीला तिचे वजन द्यावे लागते : ९,००० मालमत्तांच्या विभागातली एक ओळ ७२ मालमत्तांची प्रतिनिधी, ६०,००० मालमत्तांच्या विभागातली ४८० ची. हे वजन द्यायला विसरणे ही नेहमीची चूक.

६. डॉ. सुखात्मे आणि कापणीची कड

थोड्या नोंदींवरून पुष्कळांविषयी बोलण्याच्या शास्त्रात एका मराठी माणसाचे नाव जगभर घेतले जाते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी देशभरच्या पिकांचा अंदाज नमुना पाहणीने घेण्याची पद्धत उभी केली. १९५१ पासून ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. नमुना निवडीवरचा त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

एका तालुक्यातले गव्हाचे सगळे पीक कोणी कापून तोलू शकत नाही. म्हणून काही गावे, गावांत काही शेते आणि शेतात एक छोटा तुकडा निवडतात, तेवढेच पीक कापतात, तोलतात आणि त्यावरून एकूण उत्पादन काढतात. तुकडा केवढा घ्यावा, हा त्या काळी वादाचा विषय होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांचे सहकारी लहान वर्तुळाकार तुकडे पुष्कळ ठिकाणी कापण्याच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी एकाच शेतात लहान आणि मोठे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की फार लहान तुकड्यातून उत्पादन सतत जास्त येते. कारण कडेवर आहे. रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ते बहुधा आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी आणि ही चूक तितकी जास्त. तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ती जात नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते.

ओळींच्या निवडीलाही अशी कड असते. घाऊक विक्रीच्या फाइलीत दर ओळ बिलातल्या एका वस्तूची असते असे समजू. एकूण १० बिले. नऊ बिलांत एकेक वस्तू, दहाव्यात ११. ओळी झाल्या २०. यादृच्छिकपणे एक ओळ उचलली आणि ती ज्या बिलाची आहे ते पूर्ण बिल पाहिले, तर मोठे बिल हाती येण्याची शक्यता २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. बिलांमध्ये त्याचा वाटा मात्र दहा टक्के. अशा निवडीवरून काढलेली ‘सरासरी बिलाची रक्कम’ नेहमी फुगलेली येते, आणि लाख ओळी घेतल्या तरी फुगलेलीच राहते. इथे निवड बिल क्रमांकांतून व्हायला हवी, ओळींतून नव्हे. पहिल्या हजार ओळींची मर्यादा एखाद्या बिलाच्या मधोमध पडली, तर त्या बिलाची बेरीजही अर्धवट राहते. तीच गत कुटुंबांची, रुग्णांची, हप्त्यांनी कर भरणाऱ्यांची.

पीक कापणी प्रयोग आजही होतात. महाराष्ट्रात पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळात निवडलेल्या शेतांतली कापणी पाहिली जाते. थोड्या तुकड्यांवर हजारो शेतकऱ्यांचे पैसे अवलंबून असतात.

७. फाइल संपतच नाही तेव्हा

कधी कधी एकूण ओळी किती येणार हे आधी कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूवरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद होत राहते. दिवसअखेर किती वाहने होतील ठाऊक नसताना त्यांतली तीन समान संधीने निवडायची आहेत आणि सगळ्या नोंदी साठवायला जागा नाही, असे समजू.

पहिली तीन वाहने हातात धरावीत. चौथे आले की त्याला तीन-चतुर्थांश शक्यतेने आत घ्यावे आणि घेतलेच तर हातातल्या तिघांपैकी कोणतेही एक सोडावे. पाचव्याला तीन-पंचमांश शक्यता, सहाव्याला तीन-षष्ठांश, असेच पुढे. पहिल्या वाहनाचे काय होते ते पाहू. चौथ्या फेरीत ते बाहेर पडण्याची शक्यता ३/४ गुणिले १/३, म्हणजे १/४, टिकण्याची ३/४. पाचव्या फेरीत टिकण्याची ४/५. दोन्हींचा गुणाकार ३/५. पाचव्या वाहनाचीही शक्यता ३/५ च होती. कोणत्याही क्षणी थांबले तरी आतापर्यंत आलेल्या प्रत्येकाला संधी सारखी. या पद्धतीला रिझर्व्हॉयर सॅम्पलिंग म्हणतात. जेफ्री व्हिटर यांच्या १९८५ च्या लेखाने तिचे वेगवान रूप रूढ केले. इतक्या थोड्या अंकगणितात इतके काम करणाऱ्या युक्त्या संगणकशास्त्रात फार नाहीत.

८. वेळ आणि बिल

मर्यादा घातली म्हणजे काम कमी झाले, असा समज असतो. क्रम न मागता हजार ओळी मागितल्या तर यंत्र हजार सापडताच थांबते. तिथे वेळ खरोखर वाचतो. सर्वांत मोठे दहा थकबाकीदार मागितले आणि रक्कम आधीपासून क्रमाने लावून ठेवलेली नसली, तर तीनही लाख ओळी पाहाव्याच लागतात. बेरजेनंतर मर्यादा घातली तर बेरजेचे काम पूर्ण झालेले असते. गुगलच्या बिगक्वेरीसारख्या सेवेत पैसे किती डेटा वाचला त्याचे लागतात. साध्या तक्त्यावर लिमिट लावल्याने ते कमी होत नाहीत. तक्ता तारखेवार तुकड्यांत ठेवला आणि एकाच तारखेचा तुकडा मागितला, तर होतात. महिनाअखेरीला बिल पाहून चकित होणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

पानापानाने ओळी दाखवतानाही असेच. दर पानावर २० ओळी असतील तर ५०१ वे पान दाखवण्यासाठी यंत्र आधी १०,००० ओळी मोजून सोडून देते. मध्येच वर एक नवी ओळ आली तर मागच्या पानावरची शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा दिसते. ‘अमुक क्रमांकानंतरच्या २० ओळी’ असे मागितले की दोन्ही त्रास टळतात.

९. मर्यादा काढताना

चाचणीसाठी घातलेली मर्यादा प्रत्यक्ष कामात राहून जाणे ही सर्वांत सामान्य दुर्घटना. ती टाळायला मर्यादेचा आकडा साखळीच्या मध्ये कुठे लपवू नये. सुरुवातीला एकाच जागी, नाव देऊन ठेवावा, म्हणजे तो एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलतो. प्रत्येक पायरीवर किती ओळी आत आल्या आणि किती बाहेर गेल्या याची नोंद यंत्राकडूनच करून घ्यावी. तीन लाख आत आणि एक हजार बाहेर असे दिसले की विसरलेली मर्यादा चटकन सापडते. इंग्लंडमध्ये आलेल्या आणि चढवलेल्या ओळींची अशी साधी तुलना रोज झाली असती, तर गळती पहिल्याच दिवशी दिसली असती.

चाचणीच्या ओळीही विचार करून निवडाव्यात. काही यादृच्छिक, आणि त्यांच्या जोडीला मुद्दाम शोधलेल्या अडचणीच्या : रिकाम्या रकान्याची, शून्य कराची, सर्वांत मोठ्या थकबाकीची, नावात अनुस्वार-जोडाक्षरांची गर्दी असलेली, आणि वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या तारखेची प्रत्येकी एक. अशा पन्नास ओळी पहिल्या हजारांपेक्षा जास्त दोष पकडतात.

आणि निवडलेल्या ओळींवरून केलेला कोणताही अहवाल वरिष्ठांकडे, सभासदांकडे किंवा वर्तमानपत्राकडे देताना चार गोष्टी पहिल्याच पानावर छापाव्यात : एकूण ओळी किती होत्या, त्यांतल्या किती घेतल्या, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या पायरीवर. ज्या अहवालात त्या नसतील, त्यातल्या टक्केवारीवर वाचकाने विश्वास ठेवू नये.